लपवलेलं शून्य

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझं टेबल आहे. खाली लाद्या फोडतात, वर मी फॉर्म बांधते.
सध्याचा मच्छीमार सोसायटीचा, जाळ्यांच्या अनुदानाचा:
नाव, गाव, होडीचा नंबर, पासबुकाचं पहिलं पान,
आणि तळाशी शेंगदाण्याएवढी एक चौकट,
'वरील सर्व अटी मला मान्य आहेत.'

तिची तपासणी मी एका ओळीत लिहिली होती.
फ्रेमवर्क हुशार, सगळं आयतं देतं.
त्या ओळीबद्दल चार परिच्छेद होते, मी दीड वाचला.
न वाचता मान्य करायची सवय
आमच्याही धंद्यात आहे.

गुरुवारी एकसष्ट अर्ज आले. सगळे हिरवे.
शुक्रवारी त्यातली एक जिना चढून वर आली,
रुजाय आल्मेडा. हाताला सुक्या बांगड्याचा वास,
मोबाईल पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत.
"मी टिक करूक नाय," ती म्हणाली.
"सातवी अट वाचलंय. वाळवणाची जागा
सोसायटी सांगात तेवा सोडूक होयी.
ता माका मान्य नाय. म्हणान रिकामी ठेवलंय.
तरी तुमचा मशीन सांगता, अर्ज घेतलो."

मी शोधलं.
रिकामी चौकट काहीच पाठवत नाही.
'नाही' हेसुद्धा नाही.
पंगतीला न आलेल्याचं पान मांडत नाहीत
तसं ब्राउझर तिचं नावच गाळतो,
आणि जे पोचलंच नाही त्याला अडवायचं
हे माझ्या त्या ओळीला ठाऊक नव्हतं.
रुजायची शांतता दारापाशी आली
आणि कुणी न विचारता आत गेली.

लहानपणी रवळनाथाच्या देवळात
बाबा होडी विकायचा कौल घ्यायला गेले होते.
गुरवाने ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या.
उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही.
दोन तास एकही पडेना.
फरशीवर माझे पाय गार पडले,
बाबा खिशातली किल्ली चाचपत राहिले.
शेवटी गुरव म्हणाला, "देव बोलूक नाय. फाल्यां येवा."
देव गप्प, म्हणजे विका,
असं कुणी म्हणालं नाही.

तर मी चौकटीच्या आधी एक शून्य ठेवलं, लपवलेलं.
टिक नसेल तर निदान ते जाईल.
पडद्यावर दिसणार नाही, पण वाटेला लागलेलं असेल
डाव्या पाकळीसारखं.
चाचणी चालवली. पास.
रुजायला म्हटलं, आता पुन्हा भरा.
तिने भरलं, एका बोटाने, वीस मिनिटं,
चौकट तशीच ठेवून.
लाल अक्षरं आली:
'अटी मान्य करणे आवश्यक आहे.'

मला बरं वाटलं होतं, खोटं का बोलू.
तिने ती ओळ मोठ्याने वाचली, दोनदा,
मग माझ्याकडे बघून म्हणाली,
"करूकच होया, तर इचारतास कित्याक?"

खाली लादी फुटली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.
सचिव तेंडोलकरांना फोन लावला, ते म्हणाले,
अटी वरून आल्यात, तू फक्त चौकट बघ.

ती गेल्यावर डेटाबेस उघडला.
मान्यतेला तिथे रकानाच नव्हता.
ती दारात तपासायची, मग टाकून द्यायची, अशी पद्धत.
एकसष्टांपैकी कुणी होय म्हटलं, कुणी नुसतं गप्प बसलं,
हे आता समुद्रालाच विचारावं लागेल.

रात्री मी नवा रकाना जोडला.
त्यात तीन गोष्टी मावतात:
होय, नाही, आणि अजून बोललेलं नाही.
सोमवारी तेंडोलकर विचारतील, हे कशाला.
साठ ओळी रिकाम्या आहेत.
एक मी हाताने भरली,
आल्मेडा, रुजाय. अट सात. शून्य.