वाकळीतला भात

नवी टाकी लावली की दाराच्या मागं
खडूनं तारीख लिहायची, पाहुण्यांना दिसू नये अशी.
मागची त्रेचाळीस दिवस गेली,
तिच्या आधीची एकतीस, तेव्हा नणंद बाळंतपणाला होती.
नणंदेला कोण काय म्हणतंय?
आकडा आपला लिहून ठेवलाय.

डाळ रात्रीच भिजते.
पीठ मळून गोळे झाल्याशिवाय तवा चढत नाही.
चहा एकदाच, मग थर्मासात,
दुपारी त्याला थर्मासाचा वास येतो, तो आता चहाचाच वाटतो.
न्हाणीच्या चुलीत काजूची टरफलं,
कणबरकरांची शेवंता कारखान्यातून पोतं आणते.
काळा धूर, डोळ्यांतून पाणी,
पण पाणी तापतं, आणि टाकीतलं काही जात नाही.

आणि भात.
एक दणदणीत उकळी आली की पातेलं खाली,
झाकण घट्ट, आणि सगळं वाकळीत.
भरमूचे सदरे, माझी दोन लुगडी, तेजलचा पहिलीतला फ्रॉक
एकावर एक शिवलेले.
पाऊण तासानं हात घातला तर
वाकळ ताप आलेल्या माणसासारखी गरम.
भरमू पहिल्या दिवशी हसला होता,
"भाताला थंडी वाजूलालीय काय गे?"
रात्रपाळी करून आलेला माणूस, कानात अजून मागाचा खडखडाट,
हसला, आणि दोनदा वाढून घेतला.

पंख्यावरून मात्र भांडण होतं.
तो दिवसा झोपतो, मे महिन्यात, पत्र्याखाली.
मी तीनवर ठेवते, तो पाचवर करतो,
तो घोरायला लागला की मी परत तीनवर.
हे त्याला माहीत आहे.
मला माहीत आहे की त्याला माहीत आहे.

बिल येतं कन्नडमध्ये.
आकडे मला येतात, अक्षरं तेजलला.
ती बोट फिरवत वाचते, मी शेवटची ओळ आधी बघते.

या खेपेला मीटरवाला फकीराप्पा
बिल फाडायचं सोडून मीटरकडेच बघत राहिला.
सील चाचपलं. वायरीमागं बोट घालून पाहिलं.
पत्र्यावर आकडा टाकलाय काय, मान वर करून शोधलं.
"इष्ट कडिमी हेंग अक्का?"
इतकं कमी कसं.
वडगावात जन्म गेला, एवढं कन्नड मला कळतं,
आणि त्याच्या आवाजात चोर हा शब्द नव्हता तरी ऐकू आला.

माझं कन्नड रागात तुटतं.
म्हणून त्याचा हात धरावा तशी त्याची पिशवी धरली
आणि आत नेलं,
वाकळ उलगडली, झाकण काढलं.
वाफ त्याच्या चष्म्यावर.
चूल थंड. शेगडी थंड. बल्ब एक, तोही बंद.
भात मात्र शितं सुटी करून बसलेला.

फकीराप्पा बराच वेळ काही बोलला नाही.
मग चष्मा पुसत म्हणाला, "गॅस इल्ला?"
"इल्ला."
"हौदा?"
"हौद."
जिभेसारखं लोंबणारं बिल त्यानं हातात दिलं
आणि चपला घालताना माफी मागितल्यासारखं
दारामागची तारीख वाचली.

पुढच्या महिन्यात मीटर बघायच्या आधीच विचारलं,
त्याच्या घरी चिखल झाला होता, पाणी किती घालायचं?
तांदळावर बोट उभं धरून दाखवलं,
पहिल्या पेरापर्यंत. रेशनचा असेल तर थोडं वर.
त्यानं आपलं बोट बघितलं, माझं बघितलं,
त्याचं जाड होतं.
"नन्न हेंडतीदु सण्ण ऐती," म्हणाला, बायकोचं बारीक आहे.
बरं मग, तिचंच धर म्हटलं.

तो कोपऱ्यावर वळला, आणि मागं बघते तर
न्हाणीतला दिवा सकाळपासून पेटलेला.