कंसातले दोन शब्द

दुकान बंद करायची वेळ झाली की साकारिस
काउंटरवरचा संगणक आपल्याकडे वळवतो
आणि स्वतःच्याच दुकानाचं पान उघडून बघतो.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस,
तोर्शहावनच्या चढावरचं लोकरीचं दुकान.
खाली बंदरात शेवटची बोट भोंगा देते,
वारा दाराच्या फटीतून येऊन पावत्या चाळतो.

माउस ‘लोकर’ या शब्दावर नेला
की खाली रंगांची यादी उलगडते:
काळी, राखाडी, मेंढीच्या पाठीसारखी तपकिरी
आणि ती चौथी, जिला तो कुणाला नुसतं पांढरी म्हणू देत नाही.
माउस काढला की यादी मिटते.
निदान पान बांधून देताना मार्युन तसं म्हणाली होती.

पण साकारिसचा हात कापतो.
शब्दाच्या काठावर बाण आत बाहेर, आत बाहेर,
एका श्वासात सातदा, आठदा.
मग तो हात मांडीवर घेऊन बसतो
आणि यादी उघडते. मिटते. उघडते. मिटते.
चहा ओतून झाला तरी उघडते.
टोपी घातली तरी मिटते.
‘मी गेल्यावरसुद्धा,’ तो फोनवर म्हणाला,
‘हे माझं कापणं चालू ठेवणार बहुतेक.’
आणि हसला.
मार्युनला हसू आलं नाही.

तिच्या हाताखाली कधीच काही बिघडलं नव्हतं.
तिचा हात एकदा जायचा, एकदा यायचा,
तेवढ्यावर तिनं ‘झालं’ म्हटलं होतं.
आता तिनं मनगट सैल सोडलं,
बाण मुद्दाम थरथरवला,
आणि हात मागे घेऊन बघत राहिली.

पान वाईट नव्हतं. सांगकाम्या होतं.
उघड म्हटलं, लिहून घेतलं.
मीट म्हटलं, लिहून घेतलं.
हातातलं पुरं झाल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही
आणि सांगितलेलं एकही टाकायचं नाही.
माणसानं अशी नोकरी केली असती
तर त्याला निरोपाच्या दिवशी घड्याळ दिलं असतं.
इथं मात्र एका कापऱ्या क्षणाची उधारी
ते पै-पैनं फेडत बसलं होतं,
देणेकरी कधीच उठून गेलेला.

आधी तिनं नुसतं ‘थांब’ लिहिलं.
चालू होतं ते थांबलं,
रांगेतलं पुढचं लगेच उंबऱ्यात हजर.
मग लिहिलं, रांग पूस,
आणि चालू आहे त्याच्या शेवटाला एकदम जा.
यादी दचकायला लागली.
खटकन उघडी, खटकन बंद,
वाऱ्यानं आपटलेल्या दारासारखी.
त्या गावाला ते दार नव्यानं दाखवायची गरज नव्हती.

रात्री साडेअकराला कंसात दोन शब्द उरले:
खरं, खोटं.
रांग पुसायची? खरं.
शेवटाला उडी मारायची? खोटं.
जिथं असशील तिथूनच वळ.
अर्धी उघडली असशील
तर त्या अर्ध्यातूनच.

दुसऱ्या दिवशी ती काउंटरपाशी उभी राहिली, काही बोलली नाही.
साकारिसनं माउस धरला.
यादी जराशी बाहेर आली, मागे सरली,
पुन्हा बोटभर आली,
धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर पाणी करतं तसं.
त्यानं हात उचलला.
ती मिटली, आणि मिटलेलीच राहिली.
त्यानं चहा ओतला. टोपी घातली. काढली.
‘आणि मघाशी जे कापलो, ते सगळं गेलं कुठं?’
‘कुठंच नाही. ठेवलंच नाही ते.’
‘एवढं सोपं होतं?’
‘नव्हतं,’ मार्युन म्हणाली.

पैसे तिनं घेतले नाहीत,
तेव्हा त्यानं फळीवरून चौथ्या रंगाची लडी काढली,
तिच्या दोन्ही पंजांवर अडकवली
आणि टोक शोधून गुंडाळायला बसला.
हात कापत होता.
धागा मधेच ताणायचा, मधेच सैल पडायचा,
ती पंजे तेवढे पुढे-मागे करायची,
आणि गुंडा गोल होत होता.