दोन एमबीच्या आत

पालवकाकांनी रिक्षातून तीन गोण्या उतरवल्या,
माझ्या डीटीपीच्या दुकानात, टेबलाखाली ढकलल्या.
बिल्डिंग नंबर बेचाळीस, कन्नमवार नगर:
सदतीस वर्षांच्या सभांची इतिवृत्तं.
एका वहीला वाळवी, एकीवर चहाच्या कपाचं वर्तुळ.
पोर्टल दोन एमबीच्या वर घेत नाही, म्हणाले,
आणि बिल्डिंग पाडायच्या आत सगळं चढवायचंय.
स्कॅन करून बघितलं. झिपही केलं.
तसूभर हललं नाही. फोटो आधीच दाबलेले असतात,
दाबलेल्याला किती दाबणार?
मग टाइप कर, म्हणाले.

पानाला बारा रुपये. तीन महिने गेले.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.
पाण्याच्या टाकीबाबत सविस्तर चर्चा झाली.
विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.
पुढील सभेत
पाण्याच्या टाकीबाबत सविस्तर चर्चा झाली.
शहाऐंशी साली. सत्त्याण्णव साली.
विक्रोळीत कमरेएवढं पाणी भरलं त्या साली तर दोनदा.
शेवटी बोटंच वाचायला लागली,
डोळे समोरच्या चावीवाल्याकडे.

मग राइट क्लिक.
हिरवी पट्टी सरसर गेली,
आणि तीन गोण्या
लग्नाच्या एका फोटोहून हलक्या झाल्या.
काका वाकून बघायला लागले. "काय काय काढलंस?"
काही नाही काढलं, काका.
तेच ते जिथे पुन्हा येतं
तिथे मशीन लिहीत नाही, नुसती खूण करतं:
मागे जा, एवढी अक्षरं तीच.
"म्हणजे टाकी?"
टाकी एकदाच.
काका हसले. मग चष्मा पुसत बसले.

मी त्यांना सांगितलं नाही
वजन उरतं ते कशाचं.
सभासद मस्करेन्हस यांनी गच्चीची किल्ली मागितली,
कारण सांगितले नाही.
असलं काही. एकदाच घडलेलं.
आणि दोन हजार नऊ, मार्चची सभा:
'श्रद्धांजली' आधी येऊन गेलेली,
'दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून' तर कितीदा,
'श्रीमती पालव' वर्गणीच्या यादीत दर वर्षी.
खाली सही, सचिव, तेच अक्षर, रेघ न हलता.
फक्त 'हेमलता' ही चार अक्षरं
मशीनला नव्याने लिहावी लागली.

पोर्टलने फाइल घेतली. पावती क्रमांक आला.
तिथे कुणी उघडून बघेल असं वाटत नाही.
ग्रुपवरही टाक, म्हणाले काका,
माणसं आता बदलापूरला, कामोठ्याला, एक तर मस्कतला.
पासवर्ड?
"टाकी ठेव. कुणी विसरणार नाही."

रात्री साडेदहाला खोपकरबाईंचा फोन.
"अगं, उघडतच नाहीये. नुसती पेटी दिसतेय, चेन लावलेली."
त्या चेनवर बोट ठेवा. दाबून. आता एक्स्ट्रॅक्ट.
हो, ते खालचंच. आता टाकी लिहा.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग त्या वाचायला लागल्या,
सभेत वाचायच्या तशा, मोठ्याने, स्वल्पविरामांसकट:
"मागील सभेचे इतिवृत्त वाचून"
आणि मागून, अंथरुणातून असावेत, त्यांचे यजमान ओरडले,
"कायम!"

गोण्या न्यायला अजून कुणी आलं नाही.
टाइप करताना मी त्यांच्यावर पाय ठेवते.
उंची बरोबर आहे.