बारा डोक्यांचं यंत्र

जिनिंगचा लिलाव झाला तेव्हा
कोणी पत्रे नेले, कोणी पट्टे, एकानं तर भोंगाच नेला.
माझ्या बापानं, उकंडा लक्षणेनं,
साडेसात रुपयांत एक रिकामं खोकं आणलं
आणि त्याच्या झाकणाचं दुकानात फळकूट केलं.

खोक्याला आतून चिकटवलेली होती
कुठल्याशा अमेरिकन मासिकाची पानं.
साल अठराशे ऐंशी आणि काहीतरी,
शेवटचा आकडा उदईनं खाल्लेला.

दाढीच्या पाण्याच्या वाफेवर बापानं ती पानं सोडवली,
खळ लावून डकवली आरशाच्या दोन्ही अंगांना.
डावीकडे एक टकला, आणि शेजारी तोच माणूस
केसांचं एवढं रान घेऊन
की त्यात तितर लपावा.
उजवीकडे एक यंत्र:
बारा माणसं ओळीनं बसलेली, माना पट्ट्यात,
वर एकाच दांड्याला बारा वस्तरे,
आणि कोपऱ्यात एकटा न्हावी
पायानं चाक फिरवत पेपर वाचतोय.

इंग्रजी कोणाला येत नव्हतं.
गाव चित्रंच वाचायचं.

टकल्याला पाहून लोक पोट धरून हसायचे.
"एका बाटलीत येवढे केस?
लय इनोदी मानूस असन बाप्पा लिवनारा!"
शेषराव तर गालावर साबण असताना हसायचा,
बाप म्हणायचा, "हालू नोको, कान जाईन."

उजवीकडे पाहून कोणी हसलं नाही.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाप त्या यंत्रापुढे उभा राहायचा,
चाकाचे दात मोजायचा.
एका रात्री आईला म्हणाला,
"असं एक कारंज्यात आलं तं
आपल्या पोरीनं काय करावं?"
ती पोर मी.

मग मोरघडे मास्तर बदलून आले वाशीमहून.
पहिल्याच दाढीला चष्मा पुसून त्यांनी दोन्ही पानं वाचली.
म्हणाले, "उकंडराव, तुमचं उलटं झालंय.
डावीकडची जाहिरात आहे. खरीखुरी. बाटलीला एक डॉलर.
विनोद उजवीकडे आहे."

दुकान गप्प.
बाहेर शेळी कडब्याला तोंड लावत होती, तेवढाच आवाज.

"कायवरून?"
मास्तरांनी यंत्राखालची ओळ मराठीत सांगितली.
गिऱ्हाईक विचारतं, मला मध्येच शिंक आली तर?
न्हावी म्हणतो, तर साहेब, बाकीच्या अकरांना आधी कळवा,
त्यांनीही तेव्हाच शिंकावं.

कोणी हसलं नाही.
बापानं वस्तरा चामड्यावर दोनदा घासला.
"मंग खाली किंमत काहून लिवली?"
मास्तर पुन्हा वाकले.
किंमत होती खरी. पण ती यंत्राची
की शेजारच्या बाईच्या पोटपट्ट्याची, ते काही केल्या ठरेना.
अर्ध्या गालाला साबण वाळेपर्यंत मास्तर वाकलेले.
"या लोकांचं काही सांगता येत नाही," म्हणाले शेवटी.

पंधरा दिवसांनी, भर बाजारच्या दिवशी,
खुर्चीतल्या शेषरावला शिंक आली.
बाकावरून फत्तेलाल शिंकला, खोटंच.
मग तेल्याचा पोरगा. मग दारातला भाजीवाला.
बाप वस्तरा वर धरून उभा,
"सात झाले," म्हणाला, "अजून पाच पायजेत,"
आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पानाकडे पाहून
पहिल्यांदा हसला,
इतका, की त्या दिवशी शेषरावची मिशी एका बाजूनं कमी झाली.

आता माझं पार्लर आहे, कारंज्यातच.
मोबाईलवर रोज तो टकला येतो, शेजारी तोच, रान उगवलेला,
अकोल्याचा दवाखाना, हप्त्यांची सोय.
बाया नंबर लिहून घेतात नवऱ्यासाठी.
एकही हसत नाही.
मी काही बोलत नाही, धंदा आहे.

कोणी शिंकलं मात्र
की माझी कैची आपोआप वर जाते
आणि मी थोडी थांबते.