मतलई

सड्यावर आमचं केंद्र: एक तबकडी, दोन खोल्या,
आणि कुंपणापलीकडे कातळात कुणी कधी कोरलेला मासा,
पावसाळ्यात ज्याचं शेपूट पाण्याखाली जातं.
रात्रपाळीला मी आणि वॉचमन तिर्लोटकर.

वर, रात्र पोचत नाही इतक्या उंचीवर,
आरसे ऊन गोळा करतात,
त्याची बारीक धार करून सोडतात
शनीकडे निघालेल्या एका शिडावर.
"शनी आपल्या राशीला येतो ऐकलेलं," तिर्लोटकर म्हणाला,
"आता आपणच त्याच्या राशीला चाललो म्हणायचं."
खाली नाट्यात परवापासून लाइट नव्हती.
वायरमन फोन उचलत नव्हता.

शिडाचा एक तुकडा, नमुन्याचा, तळहाताएवढा,
मी दाऊदचाचा होडेकरांकडे नेला.
कधीकाळी गलबतांची शिडं शिवली त्यांनी,
आता होड्यांच्या पावसाळी ताडपत्र्या.
अंगठ्याखाली चोळला, कंदिलासमोर धरला.
"कांद्याचा पापुद्रा याहून जाड.
शिवण कुठाय गो बाय?"
शिवण नाही, चाचा.
"आणि वारा?"
उजेड. उजेडच वारा.
"जोर किती?"
एकरभर शिडावर चिमूटभर सुका जवळा ठेवा, तेवढा.
धार लावली की मूठभर.
ते हसले नाहीत.
"रोज?"
रोज. रात्रंदिवस.
"मग जाईल. ओहोटीसुद्धा बोट बोटच जाते."

दाभण टोपीला पुसत थोडा वेळ गप्प. मग:
"हा मतलई झाला.
पहाटे जमिनीवरून सुटतो, होडी बाहेर काढतो.
पण दुपारी खारा वारा येतो म्हणून आम्ही घरी येतो.
तुमचा खारा वारा कुठनं येणार?"

उत्तर होतं तसं माझ्याकडे.
शीड तिरकं धरायचं, वेग मरतो,
मग सूर्यच ओढून घेतो.
तिकडे परत येणं म्हणजे पडणंच, नीट मोजून मापून.
पण ते परतणाऱ्यांसाठी.
हे परतायचं नव्हतं. तसं कागदावरच नव्हतं.
मी चहा संपवला.

तुकडा हातात देताना पाहिलं तर कोपऱ्यात
मेणदोऱ्याचा एक टाका.
"गाठ नसलेलं कापड कुणाचंच नसतं," म्हणाले.
नमुना बाद झाला.
रजिस्टरात मी 'गहाळ' लिहिलं.

दुसऱ्या रात्री, तीन वाजून सतरा मिनिटांनी,
धार बंद केली. एवढ्या लांबवर ती फाकते,
शिडापेक्षा रुंद होते, वाया जाते.
अंधार तिथे पोचायला बावीस मिनिटं,
पोचल्याचं कळायला आणखी बावीस.
तिर्लोटकरने तेवढ्यात दोनदा तंबाखू मळली.
मग पडद्यावर जोराचा आकडा शून्य झाला,
वेगाचा जवळजवळ हललाच नाही.
खाडीच्या तोंडाशी शीड उतरवल्यावर
होडी तशीच सरकत राहते, कुणी बोलत नाही,
फक्त पाणी फळीला घासतं.
इथे तेही नव्हतं.

उजाडता उजाडता सडा उतरले.
राबिया आणि तिची सून
खारवलेले बांगडे पसरत होत्या.
त्यांच्यावर ऊन पडलं, आठ मिनिटांपूर्वी निघालेलं,
आणि त्यांनाही ढकलू लागलं. थोडं. पुरेसं नाही.
कावळा आला. सुनेने खडा मारला.

दाऊदचाचांच्या पडवीत लाइट आली होती,
लख्ख उन्हात बल्ब जळत होता.
मालवू का, विचारलं.
"राहू दे," म्हणाले.