माया

सोमवारी ट्रेमध्ये एक ठोकळा:
दोन हजार दोनशे चौदा, बी.
स्त्री, सत्तेचाळीस. डावा स्तन, वरचा आतला कोपरा.
खाली डॉ. सामंतांचं तिरकं अक्षर:
गाठ कडक. त्वचा ओढलेली. मॅमोग्राफीत काटेरी.
कर्करोगच वाटतो. लवकर.
'लवकर'खाली दोन रेघा.

परळच्या या खोलीत मला बायका दिसत नाहीत.
दिसतात त्यांच्या तीन मायक्रॉनच्या चकत्या,
मेणात बसवलेल्या, कोमट पाण्यावर तरंगणाऱ्या.
दिगंबर त्या काचेवर घेतो
श्वास रोखून, साय उचलावी तसा.
मग गुलाबी आणि जांभळा.
माझी छत्तीस वर्षं या दोन रंगांत गेली.

भिंगाखाली पेशी रांगा मोडून चरबीत शिरलेल्या.
शिस्त नाही, सीमा नाही,
सगळं त्या दुसऱ्या रोगासारखंच.
पण पोटातला ऐवज रवाळ,
थंडीत बरणीत थिजलेल्या साजूक तुपासारखा,
आणि केंद्रकं लहान, गोल,
कुणाचं काही बिघडवायला न निघालेली.

मी खुर्ची मागे सरकवली.

पहिली पाहिली होती चौऱ्याण्णव साली.
बाई भुलीत, टेबलावर. माझ्याकडे गोठवलेला तुकडा,
कानाशी फोन, हातात वीस मिनिटं.
मी म्हणाले, हो.
त्यांनी सगळं काढलं, काखेपर्यंत.
आठवड्याने पक्क्या काचा आल्या आणि त्यांत रवा दिसला.
तिचं नाव विसरले. क्रमांक विसरता आला नाही.

सामंतांना फोन केला. थांबा.
'किती?'
दोन डाग लावून बघते. बुधवारपर्यंत.
'ती रोज विचारते हो.'
विचारू द्या.

बुधवारी एक काच कोरीच राहिली,
दुसरीवर चहा सांडल्यासारखा तपकिरी रंग.
म्हणजे हे दुधाच्या नळ्यांचं नव्हेच.
मज्जातंतूवर वेष्टन असतं, त्याच्या पेशी या,
इथे येऊन गच्च जमलेल्या.
दुर्मिळ. निरुपद्रवी, असं टाइप केलं
आणि शब्द आवडला नाही.
महिनाभर न झोपलेल्या बाईला
उपद्रव नव्हता, हे कुणी सांगायचं?

शुक्रवारी ती स्वतःच आली. शशिकला भुवड,
लालबागला ब्लाउज शिवते. टेप गळ्यात तशीच.
छातीचं माप कसं घ्यायचं हे हाताखालच्या पोरीला शिकवताना
टेप स्वतःवर धरली, तेव्हा गाठ बोटाला लागली म्हणे.
'मला बघायचीय ती.'
नियमात बसत नाही. दिगंबरने दार लोटून घेतलं.

ती भिंगावर वाकली, बराच वेळ.
मी बोलत होते: तंतू, वेष्टन, वेष्टनाच्या पेशी.
'म्हणजे अस्तर,' ती म्हणाली.
'कापड चांगलंय. अस्तर गोळा झालंय.'
माझ्या एकाही रिपोर्टात इतकं नीट उतरलं नव्हतं.

मग हळूच: 'सगळं काढणार?'
नाही. गाठ, आणि भोवतीचं थोडं निरोगी.
'निरोगी का?'
कडेला काही राहिलं तर ती परत येऊ शकते.
तिने टेपेवर अंगठा सरकवला,
एक सेंटीमीटरवर थांबली.
'एवढी माया?'
एवढी.
'आम्ही ती आत ठेवतो,' ती म्हणाली. 'तुम्ही बाहेर काढता.'

पंधरा दिवसांनी गाठ आली,
कडांना काळी शाई लावलेली.
मापली. जवळची कड अकरा मिलिमीटर. मोकळी.
यावेळी 'निरुपद्रवी' लिहिलं नाही,
नुसतं गाठीचं नाव लिहिलं, आणि माप.

संध्याकाळी तळघरात उतरले.
त्या सालचे ठोकळे कधीच टाकून दिलेत.
रजिस्टर आहे, वाळवीने एका कडेने खाल्लेलं.
क्रमांकासमोर माझी सही,
मोठी, गोल, अजिबात न थरथरलेली.
डावीकडे नाव. मोठ्याने वाचलं, एकदा.
यमुना धाकू पेडणेकर.
वय एकोणतीस.