आठव्या मजल्याचं दार

तिबिलिसीच्या उत्तर टोकाला, ग्लदानीत,
एकतीस लिफ्ट माझ्या गळ्यात आहेत.
एकतीस म्हाताऱ्या. दरेकीचं दुखणं वेगळं.
कुणी दोन मजल्यांच्या मधेच दम खाते,
कुणी नाणं गिळते आणि ढिम्म हलत नाही.
(आमच्याकडे लिफ्ट फुकट चढत नाही.
पेटीत दहा तेत्री पडल्या, तर देव पावतो.)

सत्तेचाळीस नंबरच्या इमारतीची तक्रार:
आठव्या मजल्यावर दार आतून उघडत नाही.
तक्रार मार्चमधली. मी पोचलो ऑक्टोबरात.
सुट्या भागांचं काही विचारू नका.

जिन्यात पिशवी उघडून बसलो, तोच
अंगावरून एक वावटळ वर गेली.
निळं जॅकेट, उसवलेली बाही,
बुटाची नाडी मोकळी,
तोंडानं मजले मोजत: चार, पाच...
आणि भिंतीपलीकडून, तिच्या बरोबरीनं,
लिफ्ट कण्हत कण्हत चढत होती.

आठव्यावर पोरगी आधी पोचली.
पाय भिंतीला लावून, दोन्ही हातांनी
दार खेचलं तिनं,
आणि आतून लामाराबाई बाहेर आल्या,
एका हातात काठी, काखेत गरम पाव,
दरबारात येतात तशा.
"आज उशीर केलास, तेकले."
"मधे कुत्रं झोपलं होतं."

सात महिने हे असंच.
खाली माणसाला आत उभं करायचं, नाणं टाकायचं,
आणि यंत्राच्या आधी आठ जिने चढून
त्याला सोडवायचं.
आठव्यावर चार बिऱ्हाडं. बाळाच्या गाडीसकट नातिया,
रात्रपाळीहून परतलेला, उभ्या उभ्या झोपलेला गोचा,
एकदा तर नुसतंच एक कपाट.

तिचा भाऊ वाखो, वय वर्षं पाच,
गळ्यात टॉवेल बांधून पायरीवरून उड्या मारत होता.
म्हणाला, "ही स्वतःला सुपरहिरो समजते."
"मी कधी म्हणाले?"
"सुपरहिरोला घाम येत नाही."
"मी म्हणालेच नाहीये!"
"काका, तुम्ही सांगा."

माझ्या तोंडात दोन स्क्रू होते.
बरंच झालं.
कारण एव्हाना मला बाकीचंही कळलं होतं.
मोड परत करताना ही पाच तेत्री विसरते.
ऑगस्टात एकदा पिल्लं बघायला गेली,
आणि लामाराबाई चाळीस मिनिटं
त्या पेटीत, हातात वितळतं लोणी धरून.
नंतर आठवडाभर पोरगी त्यांच्या दारावरून
चवड्यांवर चालत जायची.
टॉवेलवाल्यांच्या गोष्टीत असं कुणी चालतं का,
मला ठाऊक नाही.
मी स्क्रू काढले आणि म्हणालो,
"टॉर्च धर."
दोघांनीही धरली. भांडत.

संध्याकाळपर्यंत दार झालं.
लामाराबाईंना आत उभं करून दाखवलं:
बघा, एक बोट पुरे.
त्यांनी बोट लावलं. उघडलं. मिटलं.
पुन्हा लावलं.
"छान," म्हणाल्या,
मी त्यांच्या घरातलं काही उचलून नेत असल्यासारखं.

पुढच्या आठवड्यात नाण्यांची पेटी रिकामी करायला
नवव्यावर होतो.
खालून पावलं आली. चार, पाच...
लिफ्ट आज जिंकली.
आठव्यावर येऊन थांबली,
आणि दार काही उघडेना.

जाळीतून वाकून पाहिलं.
लामाराबाई आत ताठ उभ्या होत्या,
बोटं काठीवर घट्ट मिटलेली,
पाव निवत चाललेला.

पोरगी पोचली. छाती भात्यासारखी.
हात पुढे केला,
आणि दार एवढं अलगद आलं की
ती दोन पावलं मागे गेली.

दाराकडे बघत राहिली जरा वेळ.
मग बाईंकडे.

"कुत्रं?" बाईंनी विचारलं.
"हो," तेकले म्हणाली, "कुत्रंच."
आणि उसवलेल्या बाहीनं घाम पुसला.

वहीत मी लिहिलं: दार, दुरुस्त.
मग जरा थांबून पुढे लिहिलं:
लक्ष ठेवावं लागेल.